हजेरी बंद करणाऱ्या कोल्हापुरात नवी हजेरी

सरकारी पाळतीचा विषय कोल्हापुरात कुठेही काढा, तालमीच्या कट्ट्यावर काढा नाहीतर कोर्टाच्या बार रूममध्ये, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "कर नाही त्याला डर कशाला?" आणि मागोमाग, "आपल्यात लपवायसारखं हाय तरी काय?" असं बोलणारी माणसं सरळ असतात. शेजाऱ्याच्या घरात आज काय शिजलंय हे वासावरून ओळखणाऱ्या पेठांत ती वाढलेली आहेत. आपलं सगळं चव्हाट्यावर असलं तरी काही बिघडत नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. मला मात्र हे उत्तर पटत नाही. ते का पटू नये हे सांगायला दिल्लीला किंवा परदेशात जायची गरज नाही. कोल्हापूर संस्थानाच्या इतिहासातच त्याचं खणखणीत उत्तर आहे.

१९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी हुकूम काढून महार, मांग, रामोशी, बेरड या जातींची हजेरीची पद्धत बंद केली. हजेरी म्हणजे काय, हे आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. या जातींत जन्मलेल्या माणसाने ठरल्या वेळी गावकामगारांपुढे उभं राहायचं आणि आपण गावातच आहोत हे दाखवायचं. परगावी जायचं तर सांगून, परवानगी घेऊन. पोरीचं लग्न असो, आजारी आईला भेटायचं असो, आधी चावडी. चोरी झाली का, कुणी केली, हा प्रश्न तिथे नव्हताच. चोरी होण्याआधीच चोर ठरलेला होता. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच रीत देशभर पक्की होत गेली, जमातीच्या जमाती जन्मावरून गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. त्याच काळात शाहू महाराज फासेपारध्यांना संस्थानात काम देत होते, त्यांच्यावर विश्वास टाकत होते.

आता "कर नाही त्याला डर कशाला" ही म्हण त्या हजेरीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला लावून पाहा. त्याने काहीही केलेलं नव्हतं. रांगेतल्या बहुतेकांनी काहीही केलेलं नव्हतं. तरीही डर होता, रोजचा होता, आणि बापाकडून पोराकडे जात होता. कारण कर आहे की नाही हे तो ठरवत नव्हता, हजेरी घेणारा ठरवत होता. महाराजांना हे कळलं होतं. गुन्हेगार पकडू नका असं त्यांनी म्हटलं नाही. ज्याच्यावर संशय घेण्याजोगं काही घडलेलंच नाही, त्याला रोज आपला निर्दोषपणा सिद्ध करायला लावणं त्यांनी थांबवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा लेख त्याच्याभोवती आहे. संशय आधी, पाळत नंतर. आणि संशय पुरेसा आहे की नाही हे पाळत ठेवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी ठरवायचं.

स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमातींना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून मोकळं केलं. पण पोलीस ठाण्यातली वही मोकळी झाली नाही. मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुनी नावं नव्या रकान्यात गेली. परवापरवापर्यंत, म्हणजे मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की, हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळत ठेवायच्या माणसाची पोलिसांकडची नोंद, उघडताना माणसाची जात किंवा जमात पाहून यांत्रिकपणे नोंदी करू नका. त्याच्या दोनच वर्षं आधी संसदेने नवा कायदा केला होता. २०२२ च्या त्या कायद्यानुसार अटक झालेल्या माणसाचे बोटांचे ठसे, बुबुळाचं स्कॅन, शरीराचे नमुने, सहीचं वळण असं बरंच काही घेता येतं, आणि ते ७५ वर्षं जपून ठेवता येतं. ७५ वर्षं म्हणजे विशीत आंदोलनात अटक झालेल्या पोराची नोंद तो नव्वदी पार करेपर्यंत. गावकामगाराची वही पावसात भिजायची, वाळवी लागून जायची. ही वही जाणार नाही.

पण मला जास्त काळजी वाटते ती पोलिसांच्या नव्हे, योजनांच्या वहीची. कारण ती आपल्याला वही वाटतच नाही.

अंगणवाडीचं उदाहरण घ्या. गरोदर बाई, स्तनदा माता आणि तीन वर्षांखालचं मूल यांना घरी न्यायला पोषण आहाराची पाकिटं मिळतात. १ जुलै २०२५ पासून ती देताना पोषण ट्रॅकर ॲपवर लाभार्थीचा चेहरा जुळवणं सक्तीचं झालं. आता हे शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या वाड्यांवर कसं होतं ते डोळ्यापुढे आणा. जुलै महिना, बाहेर कोसळता पाऊस, मोबाईलला रेंज नाही. सेविका बाईला घेऊन जिथे एक-दोन काड्या दिसतात तिथवर चढावर जाते. छत्री एका हातात, फोन दुसऱ्या हातात. बाईच्या कडेवर मूल. ॲप म्हणतं डोळे मिचकावा. ती मिचकावते. प्रकाश कमी, चेहरा जुळत नाही. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला, मागाच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, ओटीपीची वेळ टळून जाते. पुन्हा पहिल्यापासून. सेविका त्या बाईला लहानपणापासून ओळखते, तिचं बाळंतपण कुठल्या दवाखान्यात झालं हे तिला तोंडपाठ आहे. तिच्या ओळखीला किंमत नाही, ॲपच्या ओळखीला आहे.

सरकारचं म्हणणं, मधल्यामध्ये आहार चोरीला जातो. जात असेल. चोरी ठेकेदाराच्या गोदामात होते की वाहतुकीत होते हे शोधायला हिशेब तपासावा लागतो, वजन करावं लागतं, गाडी अडवावी लागते. ते अवघड आहे. त्यापेक्षा बाळंतिणीला कॅमेऱ्यापुढे उभं करणं सोपं आहे. जी साखळीत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात दुबळी, तिनेच दर वेळी आपण चोर नाही हे दाखवायचं. मला यात आणि चावडीपुढच्या उभं राहण्यात फरक सापडत नाही.

लाडकी बहीण योजनेत प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे, आणि तो तसाच मांडला पाहिजे. या योजनेत हजारो पुरुषांनी पैसे उचलल्याचं उघड झालं, म्हणजे तपासणी हवीच होती. सरकारने प्राप्तिकर खात्याची माहिती, परिवहन खात्याकडची चारचाकी गाड्यांची नोंद आणि योजनेतली नावं एकमेकांशी जुळवली. पुढे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, आली आणि तीत बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, त्याच्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. ज्यांचा नवरा वारला, वडीलही नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकलंय, त्या बायका सेतू केंद्रात नुसत्या थांबून राहिल्या. मुदत वाढवावी लागली. गाडी असलेल्या घरात पैसे जाऊ नयेत हे ठीक आहे, त्याला माझी हरकत नाही. हरकत पुढच्या गोष्टीला आहे. परिवहन, प्राप्तिकर, रेशन, बँक, आणि आता शेतकरी ओळख क्रमांकामुळे सातबारा, अशा वेगवेगळ्या कपाटांतल्या फाइली एकदा एका आधार क्रमांकावर ओवल्या गेल्या की पंधराशे रुपयांसाठी केलेली जुळणी उद्या कशासाठी वापरली जाईल यावर बंधन कुठे आहे? एखाद्या गावाने आंदोलन केलं, त्या गावातल्या बायकांची नावं 'फेरतपासणीत' गेली, तर कुणी कुणाला विचारायचं?

बंधन असायला हवं असं आपल्या राज्यघटनेचं मत आहे, आणि ते उगाच कुणीतरी घुसडलेलं मत नाही. ज्या माणगावात मार्च १९२० मध्ये शाहू महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना बहिष्कृतांचे नेते म्हणून पुढे केलं, ते आपल्याच जिल्ह्यात. त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली घटना समितीसाठी जो मसुदा दिला, त्यात नागरिकाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती-जप्ती होणार नाही, असा हक्क लिहिला होता. समितीत त्याला विरोध झाला आणि तो हक्क अंतिम घटनेत आला नाही. मग पुढची सत्तर वर्षं न्यायालयांना तो हक्क तुकड्यातुकड्याने शोधावा लागला.

१९६२ सालचा खरकसिंगचा खटला त्यातला पहिला मोठा तुकडा. उत्तर प्रदेशातला हा माणूस दरोड्याच्या संशयावरून पकडला गेला, पुरावा नाही म्हणून सुटला, तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्रीशीट उघडली आणि रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप मारायला सुरुवात केली. रात्रीची ती थाप सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. बाकीची पाळत मात्र चालू द्या म्हटलं. न्या. सुब्बाराव यांनी न्या. शहा यांच्यासह वेगळं मत लिहिलं की, खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा गाभ्यातला भाग आहे. ते अल्पमत कायदा व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमुखाने सांगितलं की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी तो खटला लढवला होता. सरकारला कुणाच्या खासगी आयुष्यात शिरायचं असेल तर तसा कायदा हवा, रास्त कारण हवं आणि घेतलेला उपाय कारणाच्या मानाने जास्तीचा नको, ही कसोटी तिथून आली. याच निकालात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीत अटकेविरुद्ध नागरिकाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असं सांगणारा १९७६ चा निकाल मोडीत काढला. त्या जुन्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. आणीबाणी भोगलेल्या पिढीला याचं मोल सांगायला नको.

कसोटी मिळाली. ती वापरायची कुणी, इथे गाडी अडते. आजही तुमचा फोन ऐकायचा असेल तर पोलिसांना न्यायाधीशाकडे जावं लागत नाही. केंद्रात गृहसचिव, राज्यात गृहसचिव आदेश देतो. तो आदेश ६० दिवस चालतो, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत नेता येतो. तपासायला समिती असते, तीत पुन्हा सचिवच. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगला वेसण घातली तेव्हाही न्यायाधीशाच्या परवानगीची अट घातली नाही. १८८५ च्या तार कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, तरी परवानगीची किल्ली सचिवालयातच राहिली. माहिती अधिकारात एकदा केंद्र सरकारनेच दिलेला आकडा होता: महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंगचे आदेश. तीस दिवसांनी भागा. रोजचे अडीचशे-तीनशे. एक माणूस आपलं बाकीचं सगळं काम सांभाळून रोज तीनशे नागरिकांबद्दलची कारणं वाचतो, तोलतो आणि मग सही करतो, यावर विश्वास ठेवायचा कसा? न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या डेटा संरक्षणावरच्या समितीने २०१८ मध्ये लिहून ठेवलंय की, दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या त्या तपासणी समितीपुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. मुंबई दंगलीची चौकशी करणारे हेच श्रीकृष्ण. अतिशयोक्ती करणारा माणूस नव्हे.

न्यायालयात प्रकरण गेलं की काय होतं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दाखवलं. लाचेच्या एका प्रकरणात एका व्यावसायिकाचा फोन टॅप करण्याचे आदेश न्यायालयाने रद्द केले, कारण कायद्यात सांगितलेली सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा धोका तिथे नव्हता. केलेलं रेकॉर्डिंग नष्ट करा म्हणून सांगितलं. त्या माणसाला आपला फोन ऐकला गेला हे कळलं, कारण त्याच्यावर खटला झाला. ज्यांच्यावर खटलाच होत नाही, त्यांना कधीच कळत नाही. ऐकणं थांबल्यावरही 'तुमचा फोन आम्ही अमुक काळ ऐकत होतो' असं कळवण्याची सक्ती आपल्या कायद्यात नाही. फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा वाद झाला तेव्हा तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतःची समिती नेमली, समितीने २९ फोन तपासले, पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच होतं असं खात्रीने सांगता आलं नाही. आणि सरकारने समितीला सहकार्य केलं नाही, हे खुद्द सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं. देशातलं सर्वोच्च न्यायालय विचारतंय आणि सरकार उत्तर देत नाही, तिथे शिवाजी पेठेतल्या माणसाने कुठल्या खिडकीवर जायचं?

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण या गावात ती रक्ताने लिहिलेली आहे. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडल्या गेल्या, २० फेब्रुवारीला ते गेले. त्या दिवसांत, रस्त्यावर कॅमेरा असता तर मारेकरी दिसले असते, असं म्हणणाऱ्यांत मीही होतो, आजही आहे. संशयितांचे फोन तपासायला, कुठल्या टॉवरखाली कोण होतं हे काढायला माझा काडीचाही विरोध नाही. खून झालाय, संशयाला कारण आहे, तपास यंत्रणेने न्यायालयाच्या नजरेखाली जे करायचं ते करावं, जोरात करावं. ही लक्ष्य ठरवून ठेवलेली पाळत झाली. तिच्या नावाखाली पाच-सहा लाखांच्या शहराची रोजची ये-जा साठवून ठेवायची गरज सिद्ध होत नाही. उलट अनुभव असा आहे की माहितीचा ढीग जितका वाढतो तितकं नेमकं काही शोधणं अवघड होतं. पानसरे यांच्या कुटुंबाला तपास यंत्रणा बदलून मागत वर्षानुवर्षं उच्च न्यायालयात जावं लागलं, ते काही आपल्या सगळ्यांच्या फोनमधली माहिती कमी पडली म्हणून नव्हे.

७ जून २०२३ चा दिवसही शहर विसरलेलं नाही. मोबाईलवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद झालं. भडकवणाऱ्यावर कारवाई हवी, यात दुमत नाही. पण त्यानंतर या गावात एक सवय शिरली, तिच्याबद्दल कुणी फार बोलत नाही: दुसऱ्याचं स्टेटस पाहायचं, स्क्रीनशॉट काढायचा, ग्रुपवर टाकायचा. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या आयांनी फोन काढून घेतले. सरकारी पाळतीला समाजाची पाळत अशी येऊन मिळते, आणि मग कॅमेरा नसलेल्या गल्लीतही माणूस जपून बोलायला लागतो. बिंदू चौकात सरकारला तोंडावर चार शब्द सुनावणारं हे गाव. ते जपून बोलायला लागलं तर मला त्याची भीती वाटते.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ते आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. सेफ सिटीचे कॅमेरे चौकाचौकात आले, शिवाय पोलीस दुकानदारांना सांगतात की तुमचा एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा. सोनसाखळीचोर त्यात सापडतात, अपघात करून पळालेली गाडी सापडते. हे काम चांगलंच आहे. नुसता चित्र टिपणारा कॅमेरा आणि चेहरा ओळखणारा कॅमेरा यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात काही घडल्यावर पोलीस मागे जाऊन पाहतात. दुसऱ्यात दसरा चौकातल्या मोर्चाला कोण कोण आलं होतं याची यादी संध्याकाळपर्यंत तयार होऊ शकते, आणि त्यासाठी कुणालाही काही गुन्हा करावा लागत नाही. राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं पुरवायला 'मार्व्हल' नावाची कंपनी काढली. साधनं येतील, येऊ देत. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही हे सांगणारा कायदा आधी यायला हवा होता. तो अजून नाही. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं होतं की, ८० टक्के साम्य जुळलं की ते चेहरा जुळला असं धरतात. उरलेल्या वीस टक्क्यांत कोण सापडेल? २०२३ च्या सुरुवातीला तेलंगणातल्या मेदकमध्ये साखळीचोरीच्या सीसीटीव्ही चित्रातल्या माणसासारखा दिसतो म्हणून एका मजुराला पोलिसांनी उचललं. तो चोर नव्हता. सुटल्यावर त्याने पोलिसांनी मारल्याचं सांगितलं आणि काही दिवसांत तो मेला. त्याने कर केला नव्हता.

कॅमेऱ्याची सगळ्यात जास्त गरज जिथे आहे, तिथे तो बंद असतो, हे मला या सगळ्यात सर्वांत लागतं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, सीसीटीव्ही लावायचा आणि चित्रण जपून ठेवायचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून त्याच न्यायालयाला, ते कॅमेरे चालतात का, हे आपणहून विचारावं लागलं. आपल्या शेजारच्या सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये काय घडलं ते आठवा: चोरीच्या संशयावरून पकडलेला तरुण कोठडीत मेला, त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला, आणि त्या प्रकरणात पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. महाद्वार रोडवरची गर्दी चोवीस तास दिसते आणि कोठडीतली ती रात्र कुणाला दिसत नाही, तर हे कॅमेरे कुणाच्या सुरक्षेसाठी आहेत हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

माहिती एकदा गोळा झाली की ती सांभाळायची कुवत सरकारकडे आहे का, हा तर वेगळाच प्रश्न. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या भाविकांच्या आधारच्या झेरॉक्स लॉजच्या टेबलाखाली गठ्ठ्याने पडलेल्या असतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने लोकांना सावध केलं की, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका. दोन दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली. जून २०२३ मध्ये कोविन लसीकरणाची माहिती टेलिग्रामवर फोन नंबर टाकला की बाहेर येत होती. ज्यांनी आपला विश्वास मागितला त्यांचा हा हिशेब आहे.

यावर इलाज म्हणून २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. खासगी कंपनीने हलगर्जीपणा केला तर अडीचशे कोटींपर्यंत दंड, हे योग्यच. पण त्याच कायद्याच्या कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकतं. वर याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारायची मुभा रुंद केली आणि तिथेच असलेली जनहिताची तरतूद काढली. दुसऱ्या कलमात जनहिताचा विचार अजून उरला आहे हे खरं, पण कार्यालयातला माहिती अधिकारी नकार देताना तिथवर जात नाही. रेशनची यादी, ठेकेदाराचं नाव, अधिकाऱ्याची मालमत्ता मागितली की 'वैयक्तिक' म्हणून कागद परत येणार. बाळंतिणीने चेहरा दाखवायचा आणि कंत्राटाची फाइल झाकलेली राहायची, असा हा उलटा व्यवहार आहे. ज्या महाराष्ट्रात माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली, तिथे यावर रान पेटायला हवं होतं.

रान पेटलं की सरकार मागे येतं, हे आपण पाहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार खात्याने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप आधीपासून टाकायची सक्ती केली. देशभर ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. आठवडाभरात. कोल्हापूरला तर हे नवं नाही. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पाठीमागे उभं राहून या गावाने काही वर्षं लढून घालवला. तज्ज्ञ म्हणत होते करार झालाय, आता काही होणार नाही. झालं.

मग आज काय करता येईल? सगळं संसदेवर सोडायची गरज नाही. सॅन फ्रान्सिस्को या शहराने मे २०१९ मध्ये आपल्या शहरी यंत्रणांना चेहरा ओळखणारं तंत्र वापरायला बंदी घातली. शहराच्या पातळीवर हे होऊ शकतं. पोलीस राज्याच्या हाती असतात, महापालिकेला तसा हुकूम काढता येणार नाही, हे मला माहीत आहे. पण शहराच्या खांबावर लागणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल महापालिकेच्या सभागृहात ठराव नक्की होऊ शकतो: कॅमेरा कुणाचा, चित्रण किती दिवस ठेवणार, ते कुणी पाहिलं याची नोंद कुठे, आणि चेहरा जुळवायचं यंत्र त्याला जोडलंय का, हे त्या खांबावर मराठीत लिहिलेलं असावं. आपापल्या वॉर्डच्या नगरसेवकाला हे विचारायला कायद्याचं पुस्तक लागत नाही. जिल्ह्यातल्या किती पोलीस ठाण्यांत कॅमेरे चालू आहेत आणि गेल्या वर्षात ते किती दिवस बंद होते, हा माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहे. अंगणवाडीत चेहरा जुळला नाही म्हणून किती पाकिटं परत गेली, हा दुसरा.

उत्तर आलं नाही किंवा 'वैयक्तिक' म्हणून नाकारलं, तर आधी अपील आणि आयोग आहेच, आणि त्यापुढे आता मुंबईची गाडी पकडायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत बसतंय. सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी त्यासाठी किती वर्षं काळे कोट घालून रस्त्यावर धरणं धरलं, हे गावाने पाहिलंय. त्या वकिलांना माझी विनंती आहे की, यातली एक याचिका त्यांनी फुकट लढवावी. याचिकाकर्ती गगनबावड्याची, कडेवर मूल असलेली एखादी बाई असावी, आणि मागणी एकच: माझा चेहरा कुठल्या कायद्याने घेतलात, कुठे ठेवलात आणि कधी पुसणार, हे मला लेखी द्या.